काटकसर कार्डाने शिकवता येते काय?

इंडोनेशियातील पेसांत्रेनमधून, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाच्या निवासी शाळांतून, रोख पैसा हद्दपार करण्याची टूम निघाली आहे. पालकांनी घरून कार्डात रक्कम भरायची, रोजच्या खर्चाची मर्यादा ठरवून द्यायची आणि मुलाने शाळेच्या दुकानात ते कार्ड टेकवायचे. खोल्यांतील चोऱ्या यामुळे कमी होतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कार्डामुळे विद्यार्थी काटकसरी बनतो असा जो डंका पिटला जात आहे, तो तपासून घ्यावा लागेल.

यंत्राने घातलेली मर्यादा पाळणे म्हणजे संयम नव्हे. सोमवारी पैसे उधळून शुक्रवारपर्यंत मित्रांकडे हात पसरणारा मुलगा त्या चार दिवसांत जे शिकतो, ते यंत्राच्या नकाराने शिकवता येत नाही. शिवाय जेथे एका परातीभोवती बसून जेवण्याची रीत, तेथे सोबत्याला दोन हजार रुपिया (आपले दहाएक रुपये) उसने देण्याचीही सोय उरत नाही.

खरा प्रश्न निराळाच आहे आणि त्याविषयी समर्थक मौन बाळगून आहेत. समजा, तीन हजार विद्यार्थ्यांच्या पालकांनी महिन्याच्या आरंभी प्रत्येकी तीन लाख रुपिया भरले. एकूण ९० कोटी रुपिया झाले. हळूहळू खर्च होणारी ही रक्कम तोवर कोणाच्या खात्यात राहणार? मध्यवर्ती बँकेच्या २०१८ च्या नियमांनी, एकाच संस्थेच्या आवारात चालणाऱ्या अशा पैशाची शिल्लक १०० कोटींखाली असेल तर परवान्याची अटच ठेवली नव्हती! ही शिल्लक कार्ड चालवणाऱ्या कंपनीकडे राहत असेल, तर शेतमजुराने, कोळ्याने, परदेशी घरकामाला गेलेल्या आईने आगाऊ भरलेला पैसा म्हणजे त्या कंपनीला दिलेले बिनव्याजी कर्जच होय. त्यावर कंपनीने बँकेत व्याज मिळवावे, आणि तेही व्याज निषिद्ध मानणाऱ्या संस्थेच्या आश्रयाने!

यावरचा उपाय आयात करण्याची गरज नाही. सहकाराचे जनक म्हणून ज्यांना तो देश मानतो त्या मोहम्मद हट्टांचाच हा देश. पूर्व जावातील सिदोगिरी पेसांत्रेनची सहकारी संस्था १९६१ सालापासूनची आहे. कार्ड हवेच असेल तर त्यामागील खाते अशा संस्थेच्या नावे असावे, शिल्लकीचे उत्पन्न गरीब विद्यार्थ्यांच्या भोजनखर्चाकडे वळावे, आणि जमाखर्च वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून दरमहा दुकानाच्या भिंतीवर लावावा.