उन्हाच्या देशात मऊ होणारी हाडे

मानवी सांगाड्यात २०६ हाडे असतात, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परंतु त्या पाठांतराबरोबर हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, असाही एक समज मनात बसला. तो खरा नाही. हाड जिवंत असते. त्याचा जुना भाग शरीर शोषून घेते व नवा घडवते. सुमारे दहा वर्षांत प्रौढ माणसाचा बहुतेक सांगाडा नवा झालेला असतो. या अखंड बांधकामास कॅल्शियम लागते, आणि ते अन्नातून रक्तात येण्यास ड जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व आपली कातडीच उन्हात तयार करते.

मग जेथे वर्षभर ऊन, तेथे हाडांचे दुखणे नसावे, असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. दुबईतील जेबेल अलीनजीकचे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क पाहा. सुमारे २३०० हेक्टरांवर कारखाने, गुदामे, कामगारांच्या वसाहती, शाळा आणि सुखवस्तू कुटुंबांची घरे आहेत. गुदामातील हमाल दिवसभर पत्र्याखाली, कारकून काचेआड, गृहिणी वातानुकूलित घरात, मुले शाळेच्या बसमध्ये! ड जीवनसत्त्व घडविणारे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. उघड्यावर राबणाराही उन्हापासून बचाव म्हणून डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला असतो. आणि तो बचाव आवश्यकच आहे, कारण १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरील कामास तेथे कायद्यानेच बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीतील अनेक पाहण्यांत या जीवनसत्त्वाची उणीव मोठ्या प्रमाणावर आढळली, ती यामुळेच. इस्रायलमध्येही अंगभर पेहराव करणाऱ्या स्त्रियांत ती अधिक दिसली आहे. सावळ्या कातडीस ऊन अधिक वेळ लागते, हेही आपण ध्यानात घ्यावे.

उन्हाचा हा गुण सिद्ध करण्यात एका ज्यू बालवैद्याचा वाटा मोठा आहे. १९१९ साली बर्लिनमध्ये डॉ. कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दिला आणि त्यांची हाडे सुधारली. प्रकाश एकाच हातावर टाकला, तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून आले! म्हणजे कातडीत काही तयार होऊन ते रक्तावाटे सर्वत्र जाते, हे उघड झाले.

मुलांत जो मुडदूस, तोच मोठ्यांत अस्थिमृदुता. मांड्या, कंबर, बरगड्या ठणकतात. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. चाल बदकासारखी होते. आपल्या घरांत याला 'वात' म्हणून तेल चोळले जाते व वर्षे जातात. आम्हांस या शब्दाचा रागच येतो, कारण त्याच्या आड बरा होणारा रोग लपतो. हाडे ठिसूळ होणे हा निराळा विकार. तो मुळीच दुखत नाही. साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच कळतो. पाळी गेलेल्या स्त्रियांना त्याचा धोका विशेष.

आता उपाय. लहान बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत प्रेमळ खरी, पण सूर्य अगदी खाली असता हे किरण फारच थोडे पोहोचतात. आपली सावली आखूड असेल, ती वेळ खरी: दुबईत उन्हाळ्यात सकाळी नऊच्या पुढे, हिवाळ्यात माध्यान्हीच्या आसपास. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे. कातडी लाल होऊ देऊ नये. कोकणातील आपल्या पूर्वजांच्या ताटातली नाचणी कॅल्शियमने समृद्ध आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. तिची भाकरी परदेशातही करता येते.

दुखणे महिनाभर टिकले, तर डॉक्टरांकडून रक्तातील ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तपासून घ्यावे. मुंबईहून येणारा पाहुणा ६०,००० युनिटांच्या पुड्या किंवा गोळ्या घेऊन येतो. त्या सहसा आठवड्यातून एक, तीही ठराविक आठवडेच, अशा असतात. कोणी त्या रोज घेऊ लागला, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होते. तेव्हा पाकिटावर वार लिहून ठेवावा, आणि ते संपल्यावर डॉक्टरांस विचारल्याशिवाय दुसरे उघडू नये.