घशाचे दुखणे हृदयावर बेतते



हृदयरोग म्हटला की पन्नाशीचा, छातीत कळ आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु शाळकरी वयातच जडणारा एक हृदयरोग आहे. त्याची सुरुवात छातीत होत नाही, घशात होते. आणि तिला कारण असतो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू.

खोकल्यातून, शिंकेतून तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. ५ ते १५ वर्षांच्या मुलांना त्याचा त्रास अधिक. एका खोलीत सात-आठ माणसे, एका अंथरुणावर तीन भावंडे, खेळती हवा नाही, अशा ठिकाणी त्याचे चांगलेच फावते. युरोप-अमेरिकेतही कामगारांच्या दाट वस्त्यांत हा रोग होता. १९४० नंतर पेनिसिलीन सर्रास मिळू लागले. पण त्याआधीच घरे सुधारली तसा तो तिथे ओसरू लागला होता. म्हणजे हे कपाळावर लिहिलेले नाही. घर, हवा आणि वेळेवर औषध यांचा हा प्रश्न आहे.

घशातला जंतू हृदयाला इजा कशी करतो? तो स्वतः तिथे जात नाही. शरीर त्याच्याशी लढायला रक्तात प्रतिद्रव्ये तयार करते. पण या जंतूचे काही घटक आपल्या हृदयातील घटकांसारखे असतात. त्यामुळे फसगत होते आणि राखणदारच घरच्या माणसावर काठी उगारतो. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे सांधे एकामागून एक सुजतात. काही मुलांचे हातपाय व चेहरा आपोआप हलू लागतो. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते बाहेरचे झाले. अशा वेळी मांत्रिकाची पायरी चढू नका. मुलाला तडक दवाखान्यात न्या.

या आजाराला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांध्यांची सूज उतरते, आईबाप निर्धास्त होतात. पण हृदयाच्या झडपेवरचा व्रण राहून जातो. ताप पुन्हा आला की झडप आणखी आखडते किंवा गळू लागते. मग ऐन तारुण्यात जिना चढताना दम लागतो. मुलगी असेल तर बाळंतपणात जीव धोक्यात येतो.

प्रत्येक घसादुखी अशी नसते. सर्दी, खोकला, नाक गळणे असेल तर बहुधा साधा विषाणू असतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. मात्र एकाएकी घसा दुखून ताप आला, गिळवत नाही, मानेतल्या गाठी दुखतात आणि खोकला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टळू शकतो. गोळ्या दिल्या तर साधारण दहा दिवस पुऱ्या घ्याव्या लागतात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नका.

ज्याला एकदा हा ताप येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याचा उपयोग किती? युगांडात ८१८ मुलांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. या मुलांच्या झडपांतील बिघाड अगदी सुरुवातीचा, फक्त इको तपासणीत दिसणारा होता. दोन वर्षे दर महिन्याला इंजेक्शन घेतलेल्यांत शंभरात एकाचाही आजार वाढला नाही. न घेतलेल्यांत शंभरात आठांचा वाढला.

इंजेक्शन दुखते, त्या दिवशीची मजुरी बुडते, हे खरे आहे. पण झडप बदलण्याची शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी महाग पडते. इंजेक्शन नेहमी दवाखान्यातच घ्यावे. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. दात काढण्यापूर्वीही दंतवैद्याला झडपेच्या आजाराची कल्पना द्यावी, कारण तोंडातले जंतू रक्तात उतरून खराब झडपेवर घर करू शकतात.

आणखी एक. स्थळ मोडेल या भीतीने मुलीचा आजार लपवू नका, इंजेक्शने बंद करू नका. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहा आणि ती पाळा.