टाळेबंदी आणि मातेची मुदत

८ एप्रिल २०२० रोजी मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले आणि पाहता पाहता मोसमकाठचे हे यंत्रमागांचे शहर राज्यातील भीषण संसर्गकेंद्रांपैकी एक बनले. माग थांबले, गल्ल्या बंद झाल्या, बंदोबस्तावरील राज्य राखीव पोलीस दलाचे जवानही मोठ्या संख्येने बाधित झाले. भीतीपोटी अनेक खासगी दवाखान्यांनी दारे लावून घेतली. त्या महिन्यात शहरातील एकूण मृत्यू वाढले. अन्य व्याधींवर वेळेत उपचार न मिळणे हे त्यामागील एक कारण असल्याचे तेव्हाच बोलले जात होते. मृतांची नोंद निदान स्मशानाच्या व कब्रस्तानाच्या वहीत तरी झाली. ज्या स्त्रियांना त्या काळात गर्भपाताची आवश्यकता होती आणि ज्यांना घराचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही.

हा विषय निघाला की सुसंस्कृत घरांत कुजबुज सुरू होते. परंतु कायदा याविषयी मौन बाळगत नाही. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून संसदेने १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला. चोरून, अघोरी उपायांनी होणारे गर्भपात आणि त्यांत जाणारे मातांचे प्राण हे त्यामागील कारण होते. २०२० साली या कायद्यानुसार बाराव्या आठवड्यापर्यंत एका आणि त्यापुढे विसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांचे मत आवश्यक होते.

आता हिशेब मांडून पाहावा. २५ मार्चला सुरू झालेली देशव्यापी टाळेबंदी ३१ मेपर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली. आरंभी अकराव्या आठवड्यात असलेली स्त्री अखेरीस विसावा आठवडा ओलांडून गेली. जेथे एक डॉक्टर भेटणे दुरापास्त, तेथे तिने दोन कोठून आणावेत? ‘इपास डेव्हलपमेंट फाउंडेशन’ या संस्थेच्या अंदाजानुसार, टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशात अपेक्षित असलेल्या ३९ लाख गर्भपातांपैकी सुमारे साडेअठरा लाखांना अडथळा झाला. हा अंदाज आहे हे मान्य करूनही त्याची व्याप्ती अस्वस्थ करणारी आहे.

शासनाला याचे भान नव्हते असे नाही. १४ एप्रिल २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत गर्भपाताची सेवा अत्यावश्यक मानली गेली होती. पण दिल्लीचा कागद आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला शिपाई यांच्यात फार मोठे अंतर असते. प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला वाट मिळे. या कामासाठी निघालेल्या स्त्रीने कारण तरी काय सांगावे?

याच सुमारास आणखी एक निर्णय झाला. ४ एप्रिलच्या अधिसूचनेने गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालील काही नियम ३० जूनपर्यंत स्थगित करण्यात आले. सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि मासिक अहवाल यांच्या मुदती त्यामुळे सैल झाल्या. केंद्रांनी दैनंदिन नोंदी ठेवल्याच पाहिजेत, असा खुलासा मंत्रालयाने पुढे केला. तथापि, असा कायदा १९८८ साली देशात सर्वप्रथम करणाऱ्या, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे केवळ ८९४ मुली उरलेल्या महाराष्ट्राला ही ढिलाई परवडणारी नव्हती. केंद्रांची मुदत अधिसूचनेने वाढू शकते. गर्भवतीची मुदत कोणत्याही राजपत्राने वाढत नाही. दक्षता हवी तेथे सवलत आणि सवलत हवी तेथे अडसर, असा हा उफराटा न्याय होता.

गर्भातील जीवाविषयी आपल्या परंपरेत गाढ आदर आहे. गर्भपात हलक्या मनाने करण्याची गोष्ट नव्हे, असे मानणाऱ्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्या आदराचा अर्थ मातेला वाऱ्यावर सोडणे असा होत नाही. अत्याचारातून राहिलेला गर्भ, मातेच्या जिवावर बेतलेले गर्भारपण, गंभीर व्यंग असलेला गर्भ, रोजगार बुडालेल्या घरातील थकलेली आई, यांपैकी कोणाचेही दुःख टाळेबंदीने थांबत नाही. सुरक्षित दार बंद झाले की वैदूचे दार उघडते. मातृत्वाला वंदन करणाऱ्या समाजाने मातेच्या प्राणाची हमी प्रथम दिली पाहिजे.

२०२१ च्या दुरुस्तीने विसाव्या आठवड्यापर्यंत एकाच डॉक्टरांचे मत पुरेसे ठरवले आणि विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत नेली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असून तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. कायदा पुढे गेला. आता व्यवस्थेने पुढे जावे. प्रत्येक महापालिकेच्या आपत्ती आराखड्यात, सर्व रुग्णालये साथीसाठी राखीव झाली तरी या सेवेसाठी खुले राहणारे एक केंद्र आधीच निश्चित असावे. स्त्रीला कारण न विचारता वाट देण्याचा आदेश नाक्यावरच्या शिपायापर्यंत पोहोचलेला असावा.

आणि समाजाने काय करावे? त्या टाळेबंदीत धान्याची पाकिटे घेऊन घरोघर फिरलेल्या हजारो कार्यकर्त्यांना वस्तीतील प्रत्येक चूल ठाऊक झाली होती. पुढच्या संकटात त्याच वस्तीतील एखादी भगिनी दाराआडून काही सांगू पाहील, तेव्हा तिचे ऐकून घेणारी, तिला मान्यताप्राप्त केंद्रापर्यंत नेणारी आणि नंतर कोठेही वाच्यता न करणारी एक तरी कार्यकर्ती प्रत्येक वस्तीत असली पाहिजे. मोसमच्या कोणत्या तीरावर तिचे घर आहे, हे त्या वेळी विचारायचे नसते.