जुन्या गाडीला नवा दम : टर्बो की सुपरचार्जर?

मोटार गॅरेजचा धंदा आपल्या किती घरांची चूल पेटवतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. फिटर, वेल्डर, डेंटर, खरादी, सीटचे कारागीर, सुट्या भागांचे दुकानदार, अशी ही साखळी कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत पसरलेली आहे. अलीकडे तिच्याकडे एक नवी मागणी येऊ लागली आहे. जुनी पद्मिनी, मारुती ८००, जिप्सी किंवा एस्टीम घेऊन एखादा नौजवान येतो, मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो आणि म्हणतो, "उस्ताद, हिला टर्बो बसवा." दुसरा येतो, त्याला सुपरचार्जर हवा असतो. उस्ताद दोन दिवस भंगार बाजारात फिरतो, जे हाती लागेल तेच उत्तम असे सांगतो आणि ॲडव्हान्स घेतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. टर्बो की सुपरचार्जर, याचा फैसला भंगाराच्या दुकानात होऊ नये. इंजिनाची हालत काय, गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार आणि तिचे कागद काय सांगतात, हे तिन्ही पाहून तो व्हावा. मी कापडाचा व्यापारी, हातात पाना धरणारा नव्हे. पण जुन्या यंत्राकडून जास्त काम काढण्याची हाव काय करते, हे यंत्रमागाच्या गावात उठबस असणाऱ्याला चांगले ठाऊक असते. मोटारची पुली मोठी केली की लूम त्याच दिवसापासून जोरात पळू लागते. आठवडाभर मालक खूश असतो. मग ताणा तुटू लागतो, पिकिंग स्टिक मोडते, धोटा उडून बाहेर येतो आणि कारागीर दिवसभर गाठी मारत बसतो. महिनाअखेरीस मीटर मोजले तर ते पहिल्याइतकेच भरतात, वर दुरुस्तीचा खर्च वेगळा. मोटारीच्या इंजिनाचेही गणित याहून फार निराळे नाही.

आता या दोन वस्तू काय आहेत ते पाहू. इंजिन मुळात हवा ओढणारा पंप आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४ ते १५ किलो हवा लागते. म्हणून ताकद वाढवायची तर आधी हवा जास्त कोंबली पाहिजे, मग त्या हिशोबाने पेट्रोल. हवेचा नेहमीचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. त्यावर आणखी सहा पौंड चढवले तर कागदावर चाळीस टक्के जास्त हवा सिलिंडरात जाते. प्रत्यक्षात तेवढी जात नाही, कारण हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा पसरते.

ही हवा दाबण्याचे काम दोन्ही वस्तू करतात. फरक आहे तो त्यांना फिरवते कोण, यात. सुपरचार्जर क्रँकशाफ्टच्या पुलीवरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे इंजिनाच्याच कमाईतून आपला पगार घेतो. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. इंधनाची जी उष्णता सायलेन्सरवाटे वाया जाते, साधारण एक तृतीयांश, त्यातलीच थोडी तो कामाला लावतो. व्यापाऱ्याला हे ऐकून टर्बोच बरा वाटणार, जणू कतरनीचे पैसे झाले! पण पुढचा हिशोब ऐकल्याशिवाय सौदा करू नये.

सुपरचार्जरचा जन्म कापडाच्या धंद्याशी जोडलेला आहे, हे वाचून आपल्या वाचकांना नवल वाटेल. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीसाठी अधिक चांगले पाणचक्र करण्याच्या खटपटीत त्यांनी दोन पाळींचे एक यंत्र बनवले. पाण्यासाठी ते फारसे कामाचे ठरले नाही, पण हवा मात्र जोरात फेकू लागले. १८६० साली त्याचे पेटंट झाले आणि लोखंडाच्या भट्ट्यांना वारा देण्यासाठी ते विकले जाऊ लागले. आजही त्या जातीच्या सुपरचार्जरला रूट्स ब्लोअरच म्हणतात. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चे. तो आधी जहाजांच्या आणि मालवाहू गाड्यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत रुळला. पेट्रोलच्या मोटारीत यायला त्याला १९६२ साल उजाडले.

त्या १९६२ सालची हकीकत प्रत्येक गॅरेजवाल्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने त्या वर्षी दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या. शेवरोलेच्या कॉर्व्हेअरमध्ये इंजिनियरांनी इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरवून ८ केले आणि मग टर्बो बसवला. ओल्ड्समोबिलच्या जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन तसेच, १०.२५ वर ठेवले. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका बाटलीतून हवेत सोडण्याची सोय केली. ताकद भरपूर मिळाली, ३.५ लिटरच्या इंजिनातून २१५ हॉर्सपॉवर. पण गिऱ्हाइके ती बाटली भरायला विसरू लागली. बाटली रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करायची, गाडी सुस्त व्हायची आणि मालक तक्रार घेऊन हजर. १९६३ नंतर ती गाडी बंद झाली. पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला. कॉर्व्हेअरचा टर्बो मात्र १९६६ पर्यंत चालला. कंपनी एक, साल एक, वस्तूही एकच. एकाने आधी इंजिन तयार केले, दुसऱ्याने मालकाच्या आठवणीवर भरवसा ठेवला.

आपल्याकडच्या जुन्या पेट्रोल गाड्या बहुतेक कार्बोरेटरच्या. पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, मारुती ८०० चे ७९६ सीसीचे. अशा गाडीला टर्बो बसवायचा म्हणजे काय काय करावे लागते? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा घडवावा लागतो. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचे ऑइल द्यावे लागते आणि ते परत आणण्यासाठी ऑइल चेंबरला भोक पाडून नळी जोडावी लागते. टर्बोची धुरी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. ऑइल जुने असेल, किंवा गाडी पळवून आणून मालकाने लगेच चावी काढली, तर तेच ऑइल आत जळून कोळसा होते आणि बेअरिंग जाते. बॉनेटखाली जी आग तयार होते तिच्यापासून वायरिंग, रबरी पाइप आणि पेट्रोलची नळी वाचवावी लागते. शिवाय भंगारात स्वस्तात मिळणारे टर्बो बहुतेक डिझेल गाड्यांचे असतात. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो. त्या उष्णतेसाठी केलेला टर्बो पेट्रोलच्या ज्वाळेपुढे किती दिवस टिकेल, हा विचार विकणारा करत नाही आणि बसवणाराही करत नाही.

यात लॅगचाही प्रश्न आहे. एक्झॉस्टचा जोर तयार होईपर्यंत टर्बो झोपलेला असतो. कल्याण-भिवंडी रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला त्याचा फायदा क्वचितच मिळेल. मिळेल तेव्हा तो एकदम मिळेल, पुढच्या रिक्षाच्या मागे पोहोचता पोहोचता.

म्हणून माझे मत असे की जुनी पेट्रोल गाडी असेल, ती शहरात चालणार असेल आणि मालकाला काही तरी बसवायचेच असेल, तर छोटा सुपरचार्जर आणि तोही पाच-सहा पौंडांच्या आत, हा त्यातल्या त्यात इमानदार मार्ग आहे. तो ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर दाब देतो. एक्झॉस्टला हात लावावा लागत नाही. दाब किती, हे पुलीच्या मापावर ठरते, त्यामुळे मालकाला स्क्रू फिरवून गुपचूप दाब वाढवता येत नाही. काही बिघडले तर पट्टा आणि ब्रॅकेट काढून गाडी पूर्ववत करता येते. खोट त्यालाही आहे. तो सतत इंजिनाची ताकद खातो, पेट्रोल जास्त पितो, आवाज करतो, आणि रूट्स जातीचा असेल तर हवा बरीच तापवतो. ब्रॅकेट सरळ नसेल तर पट्टा रोज उतरेल. ते काम मात्र आपल्या खरादी मंडळींच्या हातचे आहे.

जपानमध्ये ६६० सीसीच्या छोट्या गाड्यांत हाच सवाल कंपन्यांपुढे होता. सुझुकीने अल्टो वर्क्सला टर्बो दिला, सुबारूने व्हिव्हिओ आणि सांबरला सुपरचार्जर. सांबर हे सामान वाहणारे छोटे वाहन, म्हणजे थांबत, वळत, ओझे घेऊन चालणारे. अशा वाहनाला खालूनच जोर लागतो, म्हणून ही निवड मला पटते. ही इंजिने कारखान्यातून त्यासाठीच तयार होऊन निघालेली होती, एवढे मात्र विसरू नये.

डिझेलची गोष्ट निराळी आहे. तिथे मी बेशक टर्बोच्या बाजूने आहे. डिझेल इंजिनात हवेसोबत इंधन आधी मिसळलेले नसते, त्यामुळे पेट्रोलसारख्या नॉकिंगची भीती नसते. त्याचे पिस्टन आणि हेड मुळातच जास्त दाबासाठी घडवलेले असतात. आपल्याकडे १९९८ ची टाटा सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ टर्बो डिझेल घेऊनच आल्या आणि त्यांनी बाजार जिंकला. पण जुन्या जीपच्या डिझेल इंजिनाला टर्बो लावून पंप जास्त सोडला, तर पिस्टन वितळतात. काळा धूर आणि तापणारे इंजिन दिसले की पंप पुन्हा सेट करून घ्यावा.

आता जे मुळात पहिले आहे त्याकडे येतो. काहीही बसवण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावून सगळे सिलिंडर तपासावेत. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, किंवा ऑइलचे झाकण उघडल्यावर धूर येत असेल, तर त्या इंजिनाला ना टर्बो चालेल ना सुपरचार्जर. झिजलेल्या रिंगांवर दाब चढवला की हेड गॅसकेट उडते आणि पिस्टनला भोक पडते. रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्स यांचेही तेच. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताकद दीडपट करून ब्रेक तेच ठेवणाऱ्या उस्तादाला माझा सवाल आहे की त्या गाडीत आपल्या मुलाला बसवाल का?

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातील, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. सीएनजी किटला जशी मंजुरी असते तशी मंजुरी गॅरेजमध्ये घडवलेल्या टर्बोला नसते. अपघात झाला तर विमा कंपनी हाच फेरफार दाखवून क्लेम अडवू शकते. पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळण्यासाठी इंजिन मूळ स्वरूपात असण्याची अट २०२१ च्या नियमांत आहे. म्हणजे जुन्या फियाटला टर्बो लावणारा तिची किंमतच घटवतो. शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे शौक पुरा करावा.

काही गॅरेजवाले म्हणतील, "आम्ही नकार दिला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल." जाईल, खरे आहे. पण हेड उडाल्यावर तो त्या दुकानाचे नाव बाजारभर सांगत फिरेल. नाक्यावरच्या एका गॅरेजमध्ये मी हा तमाशा पाहिला आहे. बसवण्याची मजुरी एकदाच मिळाली, भांडण सहा महिने चालले. एस्टिमेटच्या कागदावर टर्बोच्या किमतीखाली कार्बोरेटरचे जेटिंग, डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग, रेडिएटर, क्लच, ब्रेक आणि आरटीओची अडचण, असे सारे लिहून गिऱ्हाइकाची सही घेतली, तर निम्मे नौजवान तिथेच दुसरे काम सांगतात.

ते दुसरे काम काही लहान नाही. चाळीस हॉर्सपॉवरची पद्मिनी तीस वर्षे चालून किती देत असेल? बोअर करून नवे पिस्टन-रिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग, कार्बोरेटर साफ, टायमिंग दुरुस्त, एवढे केले की हरवलेली ताकद परत येते आणि ते सारे कायद्यात बसते. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता ज्या घरांत ती जपलेली आहे ते लोक चांगल्या कामाला चांगले पैसे मोजतात. मात्र हे इंजिन उघडून नीट बसवणारे हात कमी होत चालले आहेत. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांनी एखादा शागिर्द आत्ताच हाताखाली घ्यावा आणि पहिल्या दिवशी त्याच्या हातात कॉम्प्रेशन गेज द्यावे.