गर्जना इंजिनाची की सडलेल्या पत्र्याची?

थंडी पडली की मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या रॅली निघू लागतात. चकाकणारे बंपर, घासूनपुसून लखलखीत केलेले दिवे, मागच्या सीटवर नऊवारी नेसून बसलेल्या मालकीणबाई. आणि या सगळ्याच्या आधी कोपऱ्यावरून ऐकू येणारा आवाज. बघ्यांना तो आवाज गाडीच्या वयाचाच भाग वाटतो. मालकालाही पुष्कळदा तसेच वाटते. जुन्या इंजिनाची गर्जना म्हणून तिचे कौतुकही होते. मात्र यातल्या बऱ्याच गर्जना इंजिनाच्या नसतात, सडलेल्या पत्र्याच्या असतात.

मोटार रस्त्यावर आली तेव्हापासूनच तिला गप्प करण्याचा खटाटोप सुरू आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील रीव्हज बंधूंनी एक्झॉस्टच्या मफलरचे पेटंट १८९७ मध्ये मिळवले. ज्या पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तीही कुर्ल्याच्या कारखान्यातून सायलेन्सर लावूनच बाहेर पडली होती. तेव्हा गाडी मूळ रूपात सांभाळायची म्हणजे तिचा मूळचा शांतपणाही सांभाळायचा, हे ओघानेच आले.

सायलेन्सरचे काम समजून घेणे अवघड नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला तापलेला, दाबाखालचा वायू नळीत उसळतो. असा प्रत्येक उसळा म्हणजे एक छोटा बार. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला असे १०० बार होतात. मूळ सायलेन्सरच्या डब्यात कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनिलहर त्यांवर आपटून मागे फिरते, समोरून येणाऱ्या लहरीला भिडते आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. दुसऱ्या प्रकारात सरळ आरपार भोकांच्या नळीभोवती काचेची लोकर ठासलेली असते; ती आवाजाची ऊर्जा शोषून घेते. लोकर चिरका, फुसफुसणारा आवाज छान दाबते, पण खालच्या पट्टीतल्या घुमण्यापुढे तिचे फारसे चालत नाही. हौसेने महागडी ‘स्पोर्ट्स’ नळी बसवणाऱ्याची गाडी बाहेर दमदार वाजते आणि आत बसणाऱ्याचे डोके ठराविक वेगाला उठते, ते यामुळे.

हे घुमणे कमी करायलाही उपाय आहे. गरम एक्झॉस्ट वायूत ध्वनी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जातो. म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या लहरीची लांबी ५ मीटर झाली. तिच्या चौथाई लांबीची, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपासची, एका टोकाला बंद असलेली आडनळी मुख्य नळीला जोडली, तर त्या वेगाचे घुमणे बरेच उतरते. एवढी जागा गाडीखाली नसेल, तर बाटलीसारखा पोकळ डबा जोडतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो एकच सूर निघतो, त्याच तत्त्वावर हा डबा तो एकच सूर गिळतो. यालाच रेझोनेटर म्हणतात.

पण रेझोनेटर ही पुढची गोष्ट झाली. आधी गळती शोधायला हवी, कारण इथे प्रश्न कानांपुरता राहत नाही.

जुन्या पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. मार्च २००० पूर्वीच्या चारचाकीला पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादाच ३ टक्के आहे. म्हणजे कायद्याने उत्तीर्ण झालेल्या गाडीच्या धुरातही दहा लाखांत ३०,००० भाग इतका हा वायू असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मॅनिफोल्डचे गास्केट जळले, नळीचा सांधा सैल झाला किंवा सायलेन्सरला भोक पडले, की तो शेपटीपर्यंत जाण्याऐवजी वाटेतच, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडतो. जुन्या गाडीच्या तळपत्र्याला गंजाची भोके असतात, पेडलच्या आणि गिअरच्या दांडीची रबरे आकसलेली असतात, डिकीचे रबर तर बहुधा गेलेलेच असते. वायूला आत यायला एवढे पुरते. काचा उघड्या ठेवल्या की धोका टळला, हाही भ्रम आहे. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि डिकीच्या फटीतून धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो.

आता अशा गाडीचा आवाज कमी करायला तिच्या तळाशी जाड डॅम्पिंग शीट चिकटवली तर काय होईल? आवाज दबेल आणि गळती तशीच राहील. घरात गॅसचा वास येतो म्हणून उदबत्ती लावण्यातला हा प्रकार. शेपटीत तारेची घासणी कोंबणाऱ्यांचेही तेच: मागून रस्ता अडला की वायू पुढच्या सैल सांध्यातून अधिक जोराने बाहेर पडतो.

लांबच्या प्रवासात जुन्या गाडीतल्या सगळ्यांचेच डोके दुखू लागले, मळमळले, गरगरले आणि खाली उतरून चहा घेतल्यावर बरे वाटले, तर दोष घाटाच्या वळणांना किंवा पित्ताला देण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे. इथे एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. कोविडच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि पडद्यावर ९८ असा निर्धास्त आकडा दिसतो. खरे प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. म्हणून त्रास होणाऱ्याला आधी मोकळ्या हवेत आणावे. गुंगी, छातीत दुखणे किंवा उलट्या असतील तर थेट रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना गाडीतल्या धुराचा संशय स्पष्ट सांगावा. गरोदर बाई, लहान मूल किंवा हृदयरुग्ण गाडीत असेल, तर लक्षणे किरकोळ वाटली तरी हेच करावे.

गळती ओळखण्याच्या खुणा चांगल्या मेकॅनिकला तोंडपाठ असतात. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर थांबतो, तेव्हा मॅनिफोल्डला तडा आहे किंवा गास्केट गेले आहे. उष्णतेने धातू फुगला की फट मिटते, एवढेच. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला, तर धूर तिथूनच निघतो आहे. ही तपासणी उघड्यावरच करावी, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. आणखी एक सावधगिरी: जुन्या गाड्यांच्या एक्झॉस्ट गास्केटमध्ये आणि नळीवर गुंडाळलेल्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडले, घासले किंवा हवेच्या झोताने उडवले, की त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात. ओले करून, योग्य मास्क लावून काढावे. गॅरेजमधल्या पोऱ्याकडून तोंडाला रुमाल बांधून हे काम करवणे हा त्या मुलाच्या आयुष्याशी खेळ आहे.

कधीकधी दोष त्याहून साधा निघतो. एक्झॉस्टची नळी रबरी लोंबकळ्यांवर टांगलेली असते, म्हणजे तिची थरथर बॉडीपर्यंत पोहोचत नाही. रबर तुटले की रस्त्याकडेला तारेने बांधून वेळ मारून नेली जाते आणि ती तार मग वर्षानुवर्षे राहते. साऱ्या गाडीचा ताशा होतो. चार रबरे बदलून जे साधते, त्यासाठी लोक नवा सायलेन्सर विकत घेतात.

बाहेरच्यांचाही यात वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलखाली ठेवण्याची शिफारस केली, कारण झोप मोडणे आणि हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला आहे. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलचीच आहे. बुलेटचे फटफटणारे सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली चिरडतात, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. जुन्या मोटारीला मात्र हौसेचा आणि वारशाचा मान मिळतो आणि तिचा फुटका सायलेन्सर त्या मानाखाली खपून जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० मध्ये प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच, असे म्हटले आहे. त्यात वयाची सूट नाही.

२०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यानुसार गाडी मूळ रूपात सांभाळलेली आहे का, हे समिती पाहते. पीयूसी केंद्र आवाज मोजत नाही आणि गळक्या नळीत बाहेरची हवा शिरून धूर पातळ झाला, तर तिथला आकडाही फसवा येतो. म्हणून समितीने आणि रॅलीच्या आयोजकांनी गाडी चालू करून, पोटाखाली दिवा मारून एक्झॉस्टचा एकेक सांधा बघायला हवा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

नवा सायलेन्सर बसवल्यावरही तो टिकवण्याचे काम उरते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन निघून जाते. रविवारी अंगणातच दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवून बंद करणाऱ्यांच्या सायलेन्सरमध्ये मात्र ते साचते आणि पत्रा आतून सडतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदाच, पण पंधरा-वीस किलोमीटर गाडी फिरवून आणलेली बरी. सायलेन्सरच्या तळाला कारखान्यानेच ठेवलेले बारीक छिद्र असेल, तर ते हे पाणी निथळण्यासाठी असते. वेल्डिंग करणाऱ्याला तेवढे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर भोक दिसले म्हणून तो तेही बुजवतो.