माशाला पाय नसतात काय?

‘माशाला पाय नसतात’ हें वाक्य आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें व परीक्षेंत तें लिहिलें म्हणजे गुणही मिळतात. परंतु उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत, समुद्राच्या तळाशीं, सी-रॉबिन नांवाचा सुमारें फूटभर लांबीचा मासा राहतो. त्यानें आमचें पाठ्यपुस्तक वाचलेलें दिसत नाहीं! त्याच्या छातीजवळच्या दोन्ही रुंद परांतील खालचे तीन तीन कांटे पडद्यापासून सुटे असतात. या सहा ‘पायां’वर तो वाळूंत चालतो. धरला असतां पोटांतील वाताशयाचे स्नायू हालवून तो गुरगुरतो.

गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनीं यास फार दिवस कचरा समजून फेकून दिलें. कोणी त्याचे तुकडे शेवंडीच्या सापळ्यांत आमिष म्हणून घालीत. वास्तविक त्याचें मांस पांढरें व खाण्याजोगें असतें. पण एकदां नांव बद्दू झालें, कीं चौकशी कोण करतो?

सन २०२४ मध्यें हार्वर्ड व स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ती केली. वाळूंत पुरलेले शिंपले हा मासा बरोबर हुडकून उकरतो. शिंपल्याचा अर्क भरलेल्या कुप्या पुरल्या तरी त्याही शोधतो. कारण त्याच्या फावड्यासारख्या पायांवर जिभेवर असतात तसे बारीक उंचवटे आहेत. तो पायांनीं चव घेतो! मौज अशी कीं, मागाहून आणलेले कांहीं मासे मुळींच उकरीनात. घाईच्या माणसानें ते बिघडलेले म्हणून टाकून दिले असते. या मंडळींनीं निरखून पाहिलें, तों ती निराळीच, पट्टेदार जात निघाली. तिचे पाय सळईसारखे, केवळ चालण्यापुरते, उंचवट्यांवांचून. पुढें या पायांच्या घडणींत ज्या जनुकाचें कार्य मोठें आढळलें, त्याच कुळींतलें जनुक मनुष्याच्या हातांच्या घडणींतही लागतें.

हें सर्व पाहण्यानें कळलें, व्याख्येनें नव्हे. म्हणून माझें स्पष्ट मत आहे कीं, सृष्टिविज्ञानाच्या परीक्षेंत निम्मे गुण प्रत्यक्ष निरीक्षणास असावे. ‘यानें मुलाचे गुण कमी होतील,’ असें कांहीं पालक म्हणतील. पहिल्या वर्षीं होतीलही. तरी त्यांनीं एका रविवारीं मुलास कोळणीच्या पाटीपाशीं न्यावें, एक बांगडा घेऊन द्यावा आणि त्याचे पर मोजून चित्र काढावयास सांगावें. सोमवारीं तो बांगडा वर्गांत आला तरी माझी हरकत नाहीं. वासाबद्दल शिपायाची समजूत मी घालीन.