कमांडो ट्रेनिंग पूर्ण झालं, पुढे काय? जवानाचं खास काम कसं ठरतं?

बागलाण तालुक्यातल्या नामपूरसारख्या गावात पहाटे रस्त्याने धावणारी, सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं दिसणं नवीन नाही. त्यांच्या मोबाइलवर कमांडोंच्या रील्स फिरत असतात. काळे केलेले चेहरे, चिखलातून सरपटणारे जवान, दोरावरून उतरणारी तुकडी. रील अर्ध्या मिनिटात संपते. पण ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर तो जवान तुकडीत नेमकं काय करतो? वायरलेस सांभाळतो, स्फोटकं हाताळतो की जखमी साथीदाराचा जीव वाचवतो?

अग्निपथ योजनेमुळे हा प्रश्न आता घराघरांत आला आहे. चार वर्षांनी घरी परतावं लागलं, तर तेव्हा हाती कोणतं कौशल्य असेल, हे त्यावर अवलंबून आहे.

'कमांडो' म्हणजे नक्की कोण?

हा एकच शब्द वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला अर्थ कोर्सचा. बेळगावला लष्कराचं कमांडो प्रशिक्षण चालतं. काही आठवड्यांचा हा खडतर कोर्स पूर्ण करून जवान किंवा अधिकारी आपल्या मूळ पलटणीत परततो. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये 'घातक' नावाची निवडक तुकडी असते, तिथे हे प्रशिक्षण कामी येतं. पण त्याची रेजिमेंट बदलत नाही.

दुसरा अर्थ विशेष दलाचा, म्हणजे लष्कराचं पॅरा स्पेशल फोर्सेस, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड. इथे कमांडो असणं हीच रोजची नोकरी असते.

एनएसजीचं गणित आणखी वेगळं. तिथे लष्कर आणि केंद्रीय पोलीस दलांतून लोक ठरावीक काळासाठी प्रतिनियुक्तीवर जातात. 26/11 च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने उभारलेलं फोर्स वन हे तर राज्य पोलिसांचं पथक आहे.

आधी प्रोबेशन, मग खास काम

पॅरा स्पेशल फोर्सेससाठी जवान स्वतःहून पुढे येतो. तिथे महिनोन्‌महिने प्रोबेशन चालतं. झोप, अन्न आणि विश्रांती कमी करून माणूस किती टिकतो, हे पाहिलं जातं. बहुतेक जण यातून बाहेर पडतात आणि आपल्या जुन्या युनिटमध्ये परततात. आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पॅराशूटच्या उड्या पूर्ण कराव्या लागतात, त्या वेगळ्याच.

एवढं सगळं पार पडल्यावर खास कामाचा विषय येतो. विशेष दलाची टीम लहान असते आणि शत्रूच्या मुलखात मदत लगेच पोहोचत नाही. म्हणून लागणारी सगळी कामं टीममध्येच वाटलेली असतात:

- शस्त्रं: स्नायपर, मशीनगन, रॉकेट लाँचर.
- स्फोटकं: पूल किंवा दार उडवणं, पेरलेला सापळा ओळखणं.
- संपर्क: रेडिओ, सॅटेलाइट संपर्क, सांकेतिक संदेश.
- वैद्यकीय: रक्तस्राव थांबवणं, जखमीला हेलिकॉप्टर येईपर्यंत जिवंत ठेवणं.
- दिशाशोधन: नकाशा, जीपीएस, रात्रीची वाट.

प्रत्येकाचं एक मुख्य काम असतं आणि दुसरं एखादं कामही त्याला शिकावं लागतं. रेडिओवाला जखमी झाला म्हणून टीमचा संपर्क तुटून चालत नाही. पुढचे कोर्स जागोजागी होतात. बर्फाळ डोंगरातल्या युद्धाचं शिक्षण गुलमर्गला, जंगलातल्या लढाईचं मिझोरममधल्या वैरेंगटेला मिळतं.

निवड कोण करतं?

जवान आपली आवड सांगू शकतो, पण अंतिम शब्द युनिटचा असतो. टीममध्ये कोणती जागा रिकामी आहे, जवानाचा कल काय, शिक्षण किती, हात स्थिर आहे का, हे पाहिलं जातं. स्नायपर व्हायचं म्हणून आलेल्याच्या हाती औषधांची पिशवी येऊ शकते. पण साथीदाराच्या मांडीची रक्तवाहिनी फुटलेली असते, तेव्हा टीममधला सगळ्यात मोलाचा माणूस तोच असतो.

कमांडो झालेला माणूस आयुष्यभर एकाच चौकटीत राहतो, असंही नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे अधिकारी होते. ही पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची. पण नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात ते शहीद झाले, तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते.

चार वर्षांचा हिशेब

अग्निवीराची सेवा चार वर्षांची आणि त्यातच सुरुवातीचं प्रशिक्षण धरलेलं. त्यानंतर नियमित सेवेत जास्तीत जास्त 25 टक्के जणांना घेण्याची योजनेत तरतूद आहे. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातही त्यातले अग्निवीर होते. त्यांची चार वर्षं 2027 च्या सुरुवातीच्या आसपास पूर्ण होतात.

परतणाऱ्यासाठी 'कमांडो' या शब्दाला गावात मान आहे, पण नोकरी देणारा विचारतो, काय येतं? आपत्कालीन वैद्यकीय सेवा, दूरसंचार, ड्रोन, वाहनदुरुस्ती यांचं उत्तर देता येतं. नुसत्या ताकदीच्या जोरावर बहुतेकदा सुरक्षारक्षकाचीच नोकरी मिळते.

म्हणून खरी निवड कमांडो ट्रेनिंगच्या कितीतरी आधी होते. भरतीचा फॉर्म भरताना जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क की ट्रेड्समन, हे ठरवावं लागतं. जनरल ड्यूटीला दहावी चालते, तर टेक्निकलसाठी साधारणपणे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. म्हणजे अकरावीला शाखा निवडतानाच एक दार उघडतं किंवा बंद होतं.

गल्लीबोळातल्या ॲकॅडमीच्या फलकावर 'कमांडो ट्रेनिंग' लिहिलेलं असलं, तरी त्याने सैन्यातली कोणतीही जागा मिळत नाही. तिथे दम वाढतो, धावण्याची वेळ सुधारते, आणि तेही गरजेचं आहेच. पण पहाटे पाच किलोमीटर धावणाऱ्या मुलाने संध्याकाळी तासभर गणिताला दिला, तर पुढे त्याच्यासमोर एकाऐवजी दोन वाटा असतील.